कर्जाच्या कागदात नागरिकांची जागा

मुळा-मुठा पुणे शहर सोडते ती खराडी-मुंढवा-मांजरीच्या पट्ट्यात. साऱ्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती इथवर येते आणि पुढे थेऊरच्या चिंतामणीपाशी, लोणी काळभोरच्या शिवारापाशी जाते. पाणी ओसरले की जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे उंच लोट वावटळीसारखे फिरताना दिसले आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. त्या दिवसांत उंच इमारतींतल्या रहिवाशांनी गॅलऱ्या बंद करून घेतल्या. काठावरच्या वस्त्यांना बंद करायला गॅलरीच नव्हती.

ही नदी स्वच्छ करण्यासाठी जपानने कर्ज दिले आहे, हे खराडीत बहुतेकांनी कधीतरी ऐकलेले असते. ‘जायका’ हा शब्द तर पुणेकरांच्या बोलण्यात रुळून गेला आहे. जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था आणि भारत सरकार यांच्यात जानेवारी २०१६ मध्ये सुमारे १,९०६ कोटी येनचा करार झाला. प्रकल्पाचा मूळ खर्च ९९०.२६ कोटी रुपये. त्यातले ८४१.७२ कोटी केंद्राने महापालिकेला अनुदान म्हणून द्यायचे आणि उरलेले १४८.५४ कोटी महापालिकेने घालायचे. अकरा नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि त्यांची एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. या अकरांपैकी एक केंद्र खराडीत आहे. सगळे काम जानेवारी २०२२ पर्यंत पुरे व्हायचे होते. ती मुदत उलटून गेली, आणि या काळात शहरात जी चर्चा झाली ती निविदा, वाढीव दर आणि दिरंगाई यांची झाली. कर्ज देणाऱ्या संस्थेची पर्यावरणाविषयी आणि लोकांविषयी स्वतःची नियमावली आहे, ती मोडली तर बाधित माणूस थेट त्या संस्थेकडे हरकत नोंदवू शकतो, याची चर्चा फारशी झालीच नाही.

राहून गेलेली ही चर्चा हाच या पुस्तकाचा विषय आहे. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक आणि त्यांच्या जोडीला जपान, जर्मनी, फ्रान्स यांच्या सरकारी कर्जसंस्था आपल्याकडे पैसा पाठवतात. पैशाबरोबर नियम, अटी आणि एक विशिष्ट विचारही येतो. वीज कोणी विकावी, पाण्याचा दर कसा ठरावा, झोपडी हलवली तर किती चौरस फूट द्यावेत, असे निर्णय त्या विचारातून पुढे सरकतात. ते ठरवण्यात नागरिकांना, जनसंघटनांना, अभ्यासगटांना जागा किती आहे, ती कशी मिळाली आणि मिळालेली जागा आपण वापरतो का, हे पुढच्या प्रकरणांतून आले आहे.

भारतात परदेशी कर्जाचा प्रत्येक करार संसदेपुढे मंजुरीसाठी येत नाही. अर्थ मंत्रालयाचा आर्थिक कामकाज विभाग बोलणी करतो, सही करतो. राज्याला किंवा महापालिकेला पैसा केंद्राच्या हातून मिळतो. म्हणजे नगरसेवक, आमदार, खासदार या नेहमीच्या वाटेने प्रश्न विचारायला गेलो, तर कर्जाची रचना ठरून गेल्यावरच आपण पोहोचतो. म्हणून बँकेच्या स्वतःच्या दारात उभे राहण्याची वाट महत्त्वाची ठरते. ही वाट कोणी मोठ्या मनाने आखून दिलेली नाही, आणि ती आखण्यात मराठी मुलखातल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पाया घातला गेला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावात जन्मलेला हा माणूस. गरीब देशांच्या विकासाकडे या संस्थांनी लक्ष द्यावे, असा आग्रह त्या शिष्टमंडळाने धरला होता. पण तिथे बोलत होती ती सरकारे, आणि भारताचे सरकार तेव्हा इंग्रजांचेच होते. ज्या गावात धरण बांधायचे त्या गावाने बँकेशी बोलावे, ही कल्पना त्या घडणीत कुठेच नव्हती. ती यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे आणि मणिबेली लागली.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदाकाठचे गाव. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळ्यात होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या २४५ गावांपैकी महाराष्ट्रातली ३३, आणि त्यांत बुडिताच्या तोंडाशी मणिबेली. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरची कर्जे मंजूर केली. त्याच सुमारास मेधा पाटकर या खोऱ्यात फिरू लागल्या, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतल्या भिल्ल-पावरा माणसांनी जे प्रश्न विचारले ते अगदी साधे होते. आमची किती जमीन बुडणार? बदल्यात कुठली जमीन देणार? ज्याच्या नावावर सातबाराच नाही, पण जो पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतो, त्याचे काय? या प्रश्नांना कोणाकडेच नीट उत्तर नव्हते. पैसा देणाऱ्या बँकेकडे नव्हते आणि घेणाऱ्या सरकारांकडेही नव्हते. पुढे उभ्या राहिलेल्या आंदोलनाचा जोर या साध्या प्रश्नांतून आला, हे विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधा पाटकर अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. त्यांच्याबरोबर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ विजय परांजपे होते, ज्यांनी या धरणांच्या जमाखर्चाची काटेकोर तपासणी केली होती. पाड्यावरचा अनुभव आणि पुण्यातल्या अभ्यासकाचे आकडे एकाच टेबलावर मांडले गेले. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. नुसत्या अनुभवाला बँकेचे लोक ‘एखादा अपवाद’ म्हणून बाजूला सारतात आणि नुसत्या आकड्यांना ‘मतभेद’ म्हणून. दोन्ही बरोबर आले की टाळणे अवघड जाते. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, जपानने सरदार सरोवराच्या टर्बाइनसाठीचे आपले कर्ज थांबवले. तिकडच्या पर्यावरणवादी संघटनांनी आंदोलनाचे म्हणणे जपानी वृत्तपत्रांपर्यंत आणि संसदेपर्यंत पोहोचवले होते. हे कर्ज देणाऱ्या जपानी निधीचे काम १९९९ मध्ये एका नव्या बँकेकडे गेले आणि २००८ मध्ये तिथून ‘जायका’कडे आले. खराडीच्या नदीसाठी येन पाठवणारी संस्था नर्मदेच्या खोऱ्यातल्या त्या निर्णयाची थेट वारसदार आहे. तिच्या आजच्या नियमावलीत बाधितांच्या हरकतींची तरतूद आहे, तिची मुळे अशा अनुभवांतच आहेत.

जागतिक बँकेने मात्र लगेच माघार घेतली नाही. डिसेंबर १९९० ते जानेवारी १९९१ या काळात फेरकुव्याला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातच्या विस्थापितांचा मोर्चा अडवला गेला, उपोषण झाले, आणि त्यानंतर बँकेने एक स्वतंत्र समिती नेमली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडातले माजी न्यायमूर्ती थॉमस बर्जर. आपणच पैसा दिलेल्या प्रकल्पाची बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून घेण्याची बँकेची ती पहिलीच वेळ. जून १९९२ मध्ये समितीने सांगितले, की पुनर्वसन सध्याच्या स्थितीत नीट होणे शक्य नाही, पर्यावरणाचा अभ्यास अपुरा आहे, बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. तरीही ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळाने काही अटींवर पैसा सुरू ठेवला. शेवटी मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारनेच उरलेले १७ कोटी डॉलर नको म्हणून कळवले.

बँक बाहेर पडली, धरण मात्र थांबले नाही. १३८.६८ मीटर उंचीपर्यंत ते पुरे झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रार्पणही झाले. मणिबेलीचे जुने शूलपाणेश्वराचे मंदिर १९९४ मध्येच पाण्याखाली गेले होते. बँक गेली तेव्हा तिच्यावर असलेला दबावही तिच्याबरोबर गेला, असे आंदोलनाच्या जवळच्या काही लोकांनीच म्हटले आहे, आणि त्यात तथ्य आहे. या पुस्तकात त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. बँकेने राहावे आणि आपल्याच नियमांनी बांधले जावे, की बँकेने निघून जावे? कुठल्याही आंदोलनाला हा प्रश्न एका क्षणी पडतोच, आणि माझ्या मते त्याचे सगळीकडे चालणारे उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र कायमची घडली. सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेने तीन सदस्यांचे तपासणी मंडळ स्थापन केले. समान हितसंबंध असलेली दोन किंवा अधिक बाधित माणसे या मंडळाकडे जाऊ शकतात आणि बँकेने स्वतःचे धोरण पाळले नाही, अशी तक्रार करू शकतात. मंडळ कोणाला आदेश देत नाही, फक्त संचालक मंडळाला अहवाल देते. नेपाळच्या अरुण धरणाची पहिली तक्रार १९९४ मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाकीच्या बँकांनाही अशी सोय करावी लागली. जागतिक बँक गटात खासगी उद्योगांना कर्ज देणाऱ्या शाखेसाठी १९९९ मध्ये, आशियाई विकास बँकेत १९९५ मध्ये, आणि अगदी अलीकडच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेतही. सप्टेंबर १९९४ मध्ये जगभरच्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांचा कर्जपुरवठा थांबवण्याची मागणी केली, तिला ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव दिले गेले. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका गावाचे नाव वॉशिंग्टनच्या दप्तरात असे कायमचे दाखल झाले.

या सोयीचा मराठी मुलखातला सर्वांत बोलका वापर मुंबईत झाला. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने २००२ मध्ये ५४.२ कोटी डॉलर मंजूर केले. लोकलचे रूळ आणि जोगेश्वरी-विक्रोळी व सांताक्रूझ-चेंबूर हे दोन जोडरस्ते ही त्यातली मुख्य कामे. रस्त्याच्या आड येणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये तपासणी मंडळाकडे धाव घेतली. हे दुकानदार फेरीवाले नव्हते. कोणाचा कारखाना होता, कोणाचे भंगाराचे वा सुतारकामाचे मोठे दुकान, हाताखाली कामगार होते, वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक होते. पुनर्वसनाच्या आराखड्यात त्यांना २२५ चौरस फुटांचा गाळा होता, मग मूळ जागा केवढीही असो. मशिनरी मावत नाही तिथे धंदा कसा मावणार? नवी वसाहत दूर, तर गिऱ्हाईक कुठून येणार? झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून आराखडा झाला होता आणि मध्यम दुकानदार त्यातून निसटला होता.

डिसेंबर २००५ च्या अहवालात मंडळाने दुकानदारांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. विस्थापितांचा आकडाही आधी ऐंशी हजारांच्या आसपास धरला होता, तो सुमारे १ लाख २० हजारांपर्यंत गेला होता. माहिती वेळेवर मिळत नव्हती, तक्रार ऐकणारी यंत्रणा पुरेशी स्वतंत्र नव्हती. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला. राज्य सरकारने सुधारणा मान्य केल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना सगळे मिळाले असे नाही. पण मंत्रालयात वर्षानुवर्षे खेटे घालून जे हलले नव्हते ते या चार महिन्यांत हलले.

याच प्रकरणाने नागरी संघटनांपुढेही आरसा धरला. सर्वेक्षण आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी संस्थांवर सोपवली होती. त्यांतल्या ‘स्पार्क’सारख्या संस्थेचे आणि तिच्या जोडीच्या महिला मिलनचे झोपडवासीयांमधले काम जुने आणि मोलाचे. तरी एवढ्या प्रचंड स्थलांतराचा भार या संस्थांच्या कुवतीपलीकडचा होता, असे मंडळाने नोंदवले. लोकांच्या वतीने बोलणारी संस्था तीच प्रकल्प राबवणारी झाली, की लोकांनी तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? बँकेच्या अहवालांत ‘नागरी समाजाशी सल्लामसलत झाली’ असे वाक्य वाचताना मी नेहमी पाहतो, की सल्ला देणारे आणि कंत्राट घेणारे वेगळे आहेत का. वाचकानेही ही सवय लावून घ्यावी.

पुण्याची स्वतःची परंपरा वेगळ्या धाटणीची आहे. ती अभ्यासाची आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला कर्ज द्यायला १९९३ मध्ये खुद्द जागतिक बँकेने नकार दिला होता, वीज महाग आणि गरजेपेक्षा जास्त पडेल म्हणून. तरी करार झाला. पुण्यातल्या ‘प्रयास’च्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये त्या कराराचे आर्थिक विश्लेषण करून लोकांपुढे ठेवले. पुढे ओडिशात जागतिक बँकेच्या सल्ल्याने वीजक्षेत्राची जी फेररचना झाली, तिचीही त्यांनी तितकीच कठोर तपासणी केली. आधी बँकेच्या निष्कर्षाशी जुळणारे लिहिले आणि नंतर बँकेच्याच नमुन्यावर टीका केली, यात विसंगती नाही. आकडे जिकडे नेतील तिकडे जायचे, एवढाच त्यांचा नियम होता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या सुरुवातीच्या सुनावण्यांत शेतीपंपांच्या नावावर दाखवलेली फुगीर वीज आणि झाकलेली गळती बाहेर आली ती या पद्धतीनेच.

पाण्यात हे अधिक अवघड गेले. २००५ मध्ये राज्याच्या जलक्षेत्र सुधारणेसाठी जागतिक बँकेचे ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज आले आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. कायदा आपल्या विधिमंडळाचा, पण त्याची चौकट बँकेच्या सुधारणा-विचाराशी जुळलेली. घाऊक पाणीदर ठरवायची वेळ आली तेव्हा लोकाभिमुख पाणी धोरण संघर्ष मंचासारख्या संघटनांना आणि अभ्यासकांना आधी झगडावे लागले ते कागद मराठीत मिळावेत आणि चर्चा मुंबईबाहेर व्हाव्यात यासाठी. ज्या शेतकऱ्याच्या पाण्याचा दर ठरणार, त्याला मसुदा वाचताच येत नसेल तर त्याने सूचना तरी कशी पाठवायची?

आजही बहुतेक प्रकल्पांत पहिली अडचण हीच असते. जागतिक बँकेने २०१० पासून माहिती खुली करण्याचे धोरण स्वीकारले, २०१८ पासून तिच्या सामाजिक-पर्यावरणीय चौकटीत लोकसहभागाचा स्वतंत्र आराखडा सक्तीचा झाला. कागद असतात, आणि पुष्कळ असतात. फक्त ते शेकडो पानांचे, इंग्रजी आणि कर्ज मंजूर होण्याच्या जेमतेम आधी हाती पडणारे असतात. असा आराखडा हाती आला तर सुरुवातीची प्रकरणे सोडून थेट शेवटच्या परिशिष्टाकडे जावे. तिथे सल्लामसलतीचा तक्ता असतो. तारीख, ठिकाण, किती जण आले, काय विचारले, काय उत्तर दिले. तारीख आधी पाहावी, जागा पक्की झाल्यानंतरची बैठक ही सल्लामसलत नव्हे. मग हजेरी पाहावी, बायका किती, भाडेकरू किती, नदीच्या खालच्या अंगाचे शेतकरी होते का. आणि शेवटी उत्तराचा रकाना वाचावा. ‘सूचनेची नोंद घेतली’ आणि ‘सूचनेप्रमाणे आराखड्यात अमुक बदल केला’ या दोन उत्तरांत सगळा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे एकही उत्तर तक्त्यात नसेल तर ती सभा कागदापुरती झाली, असे खुशाल समजावे.

खराडीला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या या गावात आज जगभरच्या मोठ्या बँकांचे हिशेब, जोखमीचे आकडे, संगणक-यंत्रणा सांभाळणारी हजारो मुले-मुली काम करतात. कर्जाच्या अटी, व्याजदर, परतफेडीचे वेळापत्रक, नियमपालनाची तपासणी हे त्यांचे रोजचे काम आहे. पाड्यावरच्या माणसाला परांजपे शोधावे लागले. खराडीत ते कौशल्य गल्लोगल्ली आहे आणि चंदननगर, थिटे वस्ती, गावठाण यांतला अनुभवही हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही एका टेबलावर यायचे बाकी आहे. म्हणून या पुस्तकाची मराठी आम्ही शक्य तितकी सोपी ठेवली. तांत्रिक प्रकरणे शनिवार-रविवारी एकत्र बसून वाचली तर अवघड जाणार नाहीत.

संधीही समोर आहे. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने ६० कोटी युरोंचे कर्ज मंजूर केले होते, फ्रान्सच्या विकास संस्थेनेही पैसा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला हा मार्ग मंजूर केला. नळस्टॉप-वारजे-माणिकबागेच्या फाट्यासह त्याचा खर्च ९,८५७.८५ कोटी रुपये धरला आहे आणि त्यात परदेशी कर्जसंस्थांचा वाटा गृहीत आहे. मेट्रो हवीच आहे, नगर रस्त्यावर रोज अडकणाऱ्या कोणालाही ते सांगायला नको. म्हणूनच कर्ज कोणत्या संस्थेचे, तिची नियमावली कोणती, हरकत कुठे नोंदवायची, हे आताच विचारले पाहिजे. आणि कुर्ल्यात जे राहून गेले ते इथे आधी व्हावे. मार्गावरच्या प्रत्येक दुकानाची, टपरीची, भाडेकरूची मोजणी जागेच्या मापासह आणि धंद्याच्या स्वरूपासह व्हावी. ती यादी मराठीत नगर रस्ता-वडगावशेरी क्षेत्रीय कार्यालयात आणि मार्गावरच्या इतर क्षेत्रीय कार्यालयांत लावावी. चुका सांगायला लोकांना पुरेसा अवधी द्यावा, आणि दुरुस्त केलेली यादी कर्जाच्या कागदांना जोडूनच सहीसाठी जावी.